नवसागर आणि तेरा टक्के क्रोमियम

कानस स्पिंडलवर घासली आणि ती खर्रकन लागली. माल कडक झाला असता तर कानस नुसती सटकली असती. सलग दुसरी बॅच मऊ निघाली होती.

आमचं हीट ट्रीटमेंटचं युनिट सोलापूरच्या एमआयडीसीत. लोकांचे लोखंडी पार्ट भट्टीत तापवून कडक करून द्यायचे, हा धंदा. मी तिथली मेटलर्जिस्ट. हे स्पिंडल, म्हणजे वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो ते दांडे, टेंभुर्णीकडच्या एका साखर कारखान्याचे. सीझन तोंडावर आलेला.

मालक बिराजदारसाहेब आले. हातात पहिल्या बॅचचा माझाच रिपोर्ट. "मॅडम, तुम्हीच लिहिलंय की, ऑपरेटरनं अमोनिया कमी सोडला असावा म्हणून. आता परत तेच. उद्यापासून इस्माईलभाई गेटवर बसतील. भट्टी दुसरा बघंल."

इस्माईलभाई आमचे भट्टीचे ऑपरेटर. बावीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. आणि मी तो रिपोर्ट त्यांना न विचारता, खुर्चीत बसून, रागाच्या भरात लिहिला होता. माझा राग नाकावर असतो, हे सगळ्या युनिटला ठाऊक आहे.

"साहेब, एक बॅच थांबा," मी म्हटलं.

"एकच हां. त्याच्यावर नाही."

मी तडक भट्टीकडे गेले. "इस्माईलभाई, खरं सांगा, गॅस कमी पडला होता?"

त्यांनी रागावून बोलायला हवं होतं. पण त्यांनी एक स्पिंडल माझ्या हातात दिला. "मॅडम, गॅस बराबर होता. माल आत घेतच न्हाय. बघा की, गेला तसाच चमकत आला. आपला रोजचा माल कसा राखेच्या रंगाचा होऊन येतो."

आता हे 'आत घेणं' म्हणजे काय, ते सांगते. लोखंड घट्ट असलं तरी त्यातले अणू काही समाधी लावून बसलेले नसतात. साडेपाचशे डिग्रीला तापवलं आणि भोवती अमोनिया सोडला, की त्यातला नायट्रोजन धातूत शिरतो आणि हळूहळू आत सरकतो. भरलेल्या एसटीत माणूस धक्के खात मागच्या सीटपर्यंत पोचतो ना, तसाच. याला डिफ्युजन म्हणतात. धातूतलं क्रोमियम या नायट्रोजनला धरून ठेवतं, म्हणून वरचा थर दगडासारखा कडक होतो.

आमच्या रोजच्या मालात क्रोमियम टक्का-दीड टक्का. या स्पिंडलमध्ये तेरा टक्के. एवढं क्रोमियम असलं की हवा लागताच त्याची एक पातळ, डोळ्याला न दिसणारी साय वर धरते. स्टेनलेसला गंज चढत नाही तो तिच्यामुळेच. पण ती साय नायट्रोजनलाही आत सोडत नाही. एसटीचं दारच बंद!

हे मला कळायला हवं होतं. कॉलेजात शिकले होते की! मी कपाळावर हात मारला. "आता ही साय काढायची कशी? ॲसिडनं धुतली तरी भट्टीत घालेपर्यंत परत धरणार."

इस्माईलभाई हसले. "अब्बा माझे कल्हईवाले. वैरागच्या बाजारात बसायचे. भांडं कितीबी घासा, नवसागर मारल्याशिवाय कल्हई धरत न्हाय. गरम भांड्यावरच मारायचा. मग इथंबी भट्टीच्या आतच टाकू की."

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. माझ्या जुन्या पुस्तकात हाच उपाय दिलेला होता, इंग्रजी नावानं. घरी जाऊन पान काढलं आणि स्वतःचीच लाज वाटली. बंद भट्टीत तापला की त्याची वाफ ती साय खाऊन टाकते, आणि आत हवाच नसल्यानं ती परत धरत नाही.

सकाळी पुस्तकातलं प्रमाण बघून मोजकाच नवसागर भट्टीच्या तळाशी ठेवला. दोन दिवस भट्टी चालली. गॅस बाहेर जायचा पाइप मधेच पांढऱ्या खारानं तुंबायला लागला, तो साफ करताना इस्माईलभाईंनी मला चार गोष्टी ऐकवल्या. मी मुकाट्यानं ऐकल्या.

माल निघाला, राखेच्या रंगाचा. कानस मी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती टेकवली, आणि ती सर्रकन सटकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी अमोनियावर ढकललं.

बिराजदारसाहेब कानस फिरवत म्हणाले, "मग गेटवर कोण बसणार?"

"मी बसते," मी म्हटलं. जुना रिपोर्ट फाडला नाही. त्याच्याच खाली लिहिलं, 'चूक ऑपरेटरची नव्हती, माझी होती,' आणि सही केली. ते इस्माईलभाईंना वाचून दाखवलं.

त्यांनी सहीवर एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "अब्बांचं नाव बी लिवा की कुटंतरी."

लिहिलं. प्रोसेस शीटवर 'पद्धत कोणाची' असा रकाना आहे, तिथं: महबूब कल्हईवाले, वैराग. परवा ऑडिटर आले. चष्मा सावरून त्यांनी विचारलं, "हे कन्सल्टंट कुठल्या इन्स्टिट्यूटचे?"

"बाजारातले," मी म्हटलं. "आणि त्यांचा मुलगा भट्टीवर आहे. काही शंका असली तर आधी त्याला विचारा. मी विचारलं नव्हतं, दोन बॅच वाया गेल्या."