बाबूसिंगची मान

बाबूसिंग मुकुटबनचा निवृत्त लाइनमन. चौतीस वर्षं खांबावर चढला, पण एकही जोड दुसऱ्यांदा करावा लागला नाही. नवा माणूस भेटला की हे तो आधी सांगे.

त्याचा खांबावरच्या कामातला जोडीदार मारोती. मारोतीची मुलगी वैष्णवी मेंदूवर संशोधन करते. मेंदूच्या मधोमध मोठ्या सुपारीएवढ्या दोन गाठी असतात, थॅलॅमस नावाच्या. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं त्यांच्यातून वरच्या थराकडे, कॉर्टेक्सकडे जातं. एमआरआयच्या चित्रांवरून ते धागे शोधून तिला नकाशा काढायचा होता. साठीपुढची चाळीस माणसं हवी होती. एकोणचाळीस झाली. चाळिसावा बाबूसिंग.

"म्हंजे विजेची डीपी अन् तिच्यातून निंगालेल्या लाइनी," तो म्हणाला. "हे तं माह्यंच काम हाय." आनंदाच्या भरात त्याने एका दिवसात दोनदा दाढी केली.

यवतमाळला रविवारी दोन तास मशीन मिळालं. बाबूसिंग नळीत गेला. हेडफोनमधून वैष्णवी म्हणाली, काका, आता हलायचं नाही. बाबूसिंगने मान डोलावली. चित्र फिसकटलं. तिने पुन्हा समजावलं, त्याने आणखी ठासून डोलावली. तिसऱ्यांदा ती जरा चिडून बोलली, तर त्याने मानेबरोबर हातही वर केला.

त्याला बाहेर काढलं. अर्धा तास उरला होता. पुढची तारीख मिळणार नव्हती. नकाशा एकोणचाळिसावरच अडला असता. वैष्णवी रडकुंडीला आली. बाबूसिंगचं तर तोंडच उतरलं. काम बिघडलं, तेही पडून राहायचं काम! मग त्याला उमगलं. खांबावर असताना खालून आवाज आला की वरच्याने खूण करायचीच, त्याशिवाय लाइन चालू होत नाही. खूण चुकली की माणूस मेला.

"पोरी, तू सांगून राह्यली म्हून मी हालून राह्यलो. आत्ताच एकडाव सांग. मंग बोलूच नको."

तिने समोर उभं राहून सांगितलं. त्याने हात वर केला, मान डोलावली आणि आत गेला. पंचवीस मिनिटं मशीन ठकठकत राहिलं. तो ओंडक्यासारखा पडून होता.

पडद्यावर धागे उमटले. निळे, हिरवे, लाल, दोन गाठींतून वर फाकलेले. बाबूसिंग हसत सुटला. वैष्णवीच्या खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या, एकेका धाग्यावर बोट फिरवलं.

"तुह्या बापाले सांगजो, एका खेपेत झालं."

"चौथ्या, काका."

"पहिल्या तीन तुह्या."