दहावं नाव

आमच्या कॉलेजात दहा डोकी असल्याशिवाय वर्ग चालत नाही. नावनोंदणीची खिडकी माझी, म्हणून सत्राच्या तिसऱ्या मंगळवारी मी स्वतः वर्गाच्या दारात उभी राहून मोजते. नऊच भरली तर वर्ग बंद. चोवीस वर्षं हेच करतेय आणि त्याचं भूषण मला कधी वाटलेलं नाही.

वर्ना मिशो शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. कागदाची गिरणी बंद पडली त्या वर्षी तिने लिबरल आर्ट्सच्या पदवीला नाव घातलं, म्हणजे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असलं सगळं. गाव हसलं. यातून कसली नोकरी लागणार?

"कसलीच नाही," वर्ना म्हणायची. "पण कुणी मला मूर्ख म्हणालं तर मुद्देसूद भांडता येईल."

सत्राला एक विषय, अशी अकरा वर्षं. राहिलं होतं फक्त तत्त्वज्ञान. ते नावांअभावी दोनदा रद्द झालं. या जानेवारीत कळलं की हे शेवटचं, पुढे लिबरल आर्ट्सच गुंडाळणार. नऊ नावं आली होती. दहावं वर्नाने नवऱ्याचं घातलं.

"मला काय करायचंय त्या तत्त्वज्ञानाशी?" कॉनराड म्हणाला. "तळं गोठलंय, बर्फाखाली मासे माझ्या गळाची वाट बघताहेत."

"मासे कुठे पळून जात नाहीत. मंगळवारी संध्याकाळी माझ्या शेजारी बस. घोरलास तरी चालेल."

दहाचा नियम तिने त्याला सांगितलाच नाही, उगाच ओझं नको म्हणून.

पहिला मंगळवार ओळखीपाळखीत गेला. दुसऱ्या मंगळवारी सरांनी पुस्तक फिरवलं, प्रत्येकाने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. कॉनराडने खिसे चाचपले आणि चष्मा विसरल्याचं सांगितलं. मागच्याने आपला दिला. तो डोळ्यांवर चढवून कॉनराड बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग पुस्तक मिटलं, टोपी उचलली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वर्ना माझ्या खिडकीशी आली.

"तीस वर्षं हॉटेलात मेनूकार्ड मीच वाचतेय गं. मला वाटायचं, लाड करून घेतोय."

"पुढच्या मंगळवारी तेवढा बसव त्याला," मी म्हटलं. "पुस्तक त्याच्याकडे जाणार नाही, मी सरांना सांगते."

"मी म्हटलं तर येईल तो. फाशीला निघाल्यासारखा येईल. म्हणूनच म्हणणार नाही."

नवी नावं घ्यायची मुदत उलटली होती. मंगळवारी मी दारात उभी राहिले. नऊ. कागदावर दहा लिहिलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? पण हात धजला नाही, मला पेन्शन दिसत होती. वर्नाने माझ्याकडे पाहिलं, पण काही मागितलं नाही. मागितलं असतं तर निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

वर्ग बंद झाल्याचं कॉनराडला ठाऊक नाही. त्याच्यामुळे झाला हे तर नाहीच. गाव एवढंसं, पण कुणी त्याच्यापाशी तोंड उघडलेलं नाही. दर मंगळवारी सहाला वर्ना पुस्तकं घेऊन घरातून निघते, कॉलेजच्या आवारात गाडी लावते आणि साडेआठपर्यंत गाडीतच बसून राहते.

गेल्या आठवड्यात कॉनराड माझ्या खिडकीशी आला. दाढी घोटून, टोपी हातात घेऊन.

"मेमध्ये पदवीदान आहे ना? घरच्या किती जणांना आत सोडता?" त्याने हळूच विचारलं. "तिच्या बहिणींना बोलावतोय. तिला सांगू नकोस."

"हवे तेवढे आण," मी म्हटलं.