आधी नळ

कुठलंही घर दाखवा, बाई आधी नळ सोडायच्या. चप्पल दाराबाहेर काढायची, पदर खोचायचा आणि सरळ मोरीत शिरायचं. मी इकडे हॉलची लांबी-रुंदी सांगत राहायचो आणि त्या नळाखाली हात धरून उभ्या. नळ नुसताच खोकला की हात पदराला पुसून म्हणायच्या, "चला भाऊ, पुढचं दाखवा."

तुम्ही जालन्यात राहिला असाल तर हसणार नाही. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आठ दिवसांनी येतं, कधी पंधरा, आणि आलं की घराघरात लग्नघरासारखी पळापळ.

मी घरांचा दलाल. जुन्या जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला एक टेबल आणि तीन खुर्च्या, हेच माझं ऑफिस. आमचा धंदाच जिभेचा, बाभळ दाखवून आंबा विकायचा. या बाईंपुढे मात्र माझी डाळ शिजायची नाही. त्या एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये होत्या. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, काही दिवसांनी उघडायचं आणि किती उगवलं ते बघायचं, हेच काम त्यांनी अर्धं आयुष्य केलेलं. मी "एक नंबर फ्लॅट आहे ताई" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "उगवल्यावर बोलू, भाऊ."

वय पन्नाशीच्या पुढे. लग्न मोडून जमाना झालेला, अंबडकडच्या गावात एक भाऊ, बाकी एकटा जीव. भाड्याच्या खोल्या किती बदलल्या हे त्यांनाही आठवत नव्हतं. "आधी आडनाव विचारत्यात, मंग म्हणत्यात खोली कालच गेली," हे त्या हवापाणी सांगितल्यासारखं सांगायच्या. चीड मला यायची. पण दुसऱ्या दिवशी त्याच मालकांच्या खोल्या मीच दुसऱ्यांना दाखवायचो, हेही खरं.

"मला एकच पाह्यजे," त्या म्हणायच्या. "महिनाअखेर खोली सोडा, असं मला कोणी म्हणू न्हाई. भिंती जुन्या का असंना."

आणि राहायचं होतं तेही पोरासोरांच्या वस्तीत! कंपन्यांत नोकरीला आलेली पोरं, एकेका फ्लॅटमध्ये चौघी-चौघी पोरी, कोपऱ्यावर कॉफीचं दुकान. मी म्हटलं, "ताई, तिथं तुमच्या वयाचं कोण आहे?" तर म्हणाल्या, "म्हणूनच तर. पोरं आडनाव विचारत न्हाईत."

त्या भागातल्या नव्या फ्लॅटचा भाव ऐकून त्या नुसत्या हसल्या. परवडण्यासारखी एकच जुनी बिल्डिंग होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. मालकाला ते विकून पुण्याला जायची घाई.

आता माझा पराक्रम ऐका. बाई नळ बघतात हे मीच मालकाला सांगितलं. त्याने आदल्या दिवशी टँकर बोलावून हौद भरून घेतला आणि मोटार लावून वरची टाकी भरली. आणि गॅलरी? तिच्या खालच्या अंगाचं प्लास्टर गळून गंजलेल्या सळया बाहेर आलेल्या मी या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मालकाने मिस्त्री लावून वरून माल थापला आणि रंग मारला. मी म्हणालो, "झकास."

बाईंनी नळ सोडला. धो धो पाणी. त्यांनी तोंड धुतलं, दोन ओंजळी पाणी प्यायल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या. मग गॅलरीत आल्या. "रंग नवाच दिसून राह्यला भाऊ."

"जुनं काम आहे ताई, बिलकुल पक्कं. आताच्या बिल्डरला जमायचं न्हाई."

त्या दिवशी त्या "उगवल्यावर बोलू" म्हणाल्या नाहीत. लाज तेव्हाच वाटायला हवी होती. मी पेढे आणायला गेलो.

राहायला गेल्यावर महिन्याभरात त्या ऑफिसात आल्या. मी मनाची तयारी केली की आता शिव्या. खुर्चीवर बसून म्हणाल्या, "भाऊ, नळ काही खरा निघाला न्हाई."

"ताई, पाण्याचं काय कोणाच्या हातात..."

"असू द्या. घर तर खरं निघालं." आणि पिशवीतून मेथीची जुडी काढून टेबलावर ठेवली. गॅलरीत डब्यात उगवलेली. ती भाजी मला गिळवली नाही, पण परत करायचीही हिंमत झाली नाही.

नळ खोटा, म्हणून त्यांनी आपली सगळे करतात तीच सोय केली. निळे ड्रम आणले. दोन खोल्यांत जागा कुठली? एकापुढे एक गॅलरीत मांडले. मी एकदा खालून जाताना वर पाहिलं. तीन ड्रम, काठोकाठ भरलेले. शेजारच्या फ्लॅटमधली पोरगी कळशी घेऊन आलेली आणि बाई तिला पाणी काढून देत होत्या. मला पाहून ओरडल्या, "भाऊ, चहा घेऊन जा!"

सांगायला कितीसा वेळ लागला असता? ताई, ते ड्रम आत घ्या. बस्स, एवढंच. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? मी हात हलवला, म्हणालो, "जल्दीत आहे ताई, पुन्हा येतो," आणि गाडीला किक मारली.

पाचव्या दिवशी सकाळी गॅलरी खाली आली. ड्रम, मेथीचे डबे आणि बाई.

पंचनामा झाला. जुनं बांधकाम, पाण्याचं ओझं, असं लिहून झालं. मला कोणी काही विचारलं नाही.

सामान न्यायला त्यांचा भाऊ आला. त्याला घर ठाऊक नव्हतं, म्हणून मी सोबत गेलो. गॅलरीच्या दाराला फळ्या ठोकलेल्या. मोरीतला नळ मात्र पूर्ण सोडलेला आणि त्याखाली स्टीलचं ताट पालथं ठेवलेलं. पाणी आलं की ताट वाजावं, म्हणजे झोपेतही कळतं. आमच्या गावात घरोघरी हेच करतात. भाऊ त्यांचे कपडे पेटीत भरत होता, तेवढ्यात ताट वाजायला लागलं. धो धो.

"पाणी चांगलं हाय की हिथं," तो म्हणाला.

"न्हाई दादा," मी म्हणालो. "पाणी रोजचं न्हाई. आणि गॅलरीच्या सळया गेलेल्या होत्या. मला माहीत होतं."

तो पेटीवर बसला. हातातल्या लुगड्याची घडी केली. मग वर न बघता म्हणाला, "अक्का फोनवर म्हणल्ती, दलाल लई भला माणूस भेटला."

बिल्डिंगभर बादल्यांचा खडखडाट सुरू झाला होता. मोरीत ताट वाजत राहिलं. नळ बंद करायला आम्हा दोघांतलं कोणी उठलं नाही.