तेहतीस अनारसे आणि एक मार्लिन

माझे सासरे पद्माकर जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये राबले. एकदा अझोरेस बेटांजवळ ब्लू मार्लिन पाण्यातून उसळला. डेकवरच्या सगळ्यांनी पाहिला. हे खाली पंपाशी झटत होते. तेव्हापासून तो मासा त्यांच्या डोक्यात घुसला तो घुसलाच. निवृत्तीनंतर मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये आमच्या कानीकपाळी तेच.

"अझोरेसला जुलै ते सप्टेंबर. मदेइराला जूनपासून. चालत्या बोटीमागे नकली आमिषं ओढत न्यायची. मासा लागला की खुर्चीला पट्ट्याने बांधून घ्यायचं आणि गळाच्या दोरीचं रीळ फिरवत राहायचं. खांदा मात्र शाबूत हवा."

खांदाच शाबूत नव्हता. या जुलैत ऑपरेशन, आणि त्यानंतर असली ओढाताण कायमची बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण आमच्याकडे माशांचा मोसम पंचांग ठरवतं. गेल्या वर्षी ऑगस्टचं ठरलं, तर सासूबाई म्हणाल्या, "श्रावणात मासा?"

"सोडून देणार गं, खायचा नाहीये."

"गळाला तर लावणार ना?"

मग गणपती, मग पितृपक्ष. संपलं वर्ष.

यंदा जूनच्या सुरुवातीला मदेइराची बोट ठरवली, तर अधिक महिना निघाला! अधिकात जावयाला वाण द्यायचं: तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा. जावई म्हणजे मी, आणि मी जून उजाडेपर्यंत ऑफिसच्या कामाने टोकियोत. म्हणजे वाण नेमकं बोटीच्याच दिवसांत, आणि ते सासू-सासऱ्यांनी जोडीनं द्यायचं. ऑपरेशनआधी बोटीची दुसरी तारीख मिळेना.

मी फोनवर सासूबाईंवर चक्क ओरडलो. "आई, मला अनारसे आवडतही नाहीत! बाबांना जाऊ द्या!"

"विक्रांतराव, अधिक तीन वर्षांनी येतो. मासा दरवर्षी येतो."

"आणि खांदा?"

बाबांनीच फोन घेतला. "तुम्ही या हो. घरात वाद नको."

असा संताप आला! अख्खं जहाज चालवणारा माणूस बायकोपुढे तोंडातून ब्र काढेना.

शेवटी बोट रद्द झाली आणि मी पाटावर बसलो. सासूबाईंनी ओवाळलं, अनारसे दिले, दिवा दिला. मग बाबा आतून एक खोकं घेऊन आले, डाव्या हाताने. आत मार्लिनसाठी घेतलेलं भलंमोठं रीळ, अजून प्लॅस्टिकमध्येच.

"हे माझ्यातर्फे वाण. अझोरेस, जुलै. जमेल तेव्हा जा."

"बाबा, मला बिंतान बेटाच्या तासाभराच्या फेरीबोटीतसुद्धा उलट्या होतात!"

"होऊ देत," ते म्हणाले. "पण डेकवरच थांबा. खाली जाऊ नका."