कापशी गार पडली त्याची हकीकत

माझ्या सगळ्यात धाकट्या भावाला घरात कोणी नावाने हाक मारत नाही. लहानपणापासून तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प, म्हणून आम्ही त्याला गुळण्याच म्हणतो. लग्न ठरवताना मुलगी बघून आल्यावर वडिलांनी विचारलं, कशी वाटली? बराच वेळ जमिनीकडे बघून म्हणाला, "लेव्हलमध्ये आहे." तेवढ्यावर लग्न ठरलं.

त्याचा धंदा फरशी बसवायचा. दुकानं, दवाखाने, बंगले, शाळेचे व्हरांडे, सगळीकडे त्याचा हात फिरलेला. सोबत एक पाणसळ असते, काचेच्या नळीत पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला की जमीन सपाट. तो बुडबुडा थांबला की याचा चेहरा उजळतो, एरवी नाही. चालताना नजर कायम खाली. समोरून सख्खी बहीण आली तरी आधी चपला ओळखतो, मग मला.

आणि स्वतःच्या घरात काय? खरबरीत कोबा. स्वयंपाकघराच्या दारात एक खड्डा, त्यात येणाऱ्याजाणाऱ्याची बोटं ठेचकाळायची. माझी भावजय नवी नवरी होती तेव्हापासून सांगत होती, अहो, आपली फरशी कधी? तो म्हणायचा, "बघू." बघता बघता तिचे केस पिकले.

भावजयीचा जीव तिच्या मांजरीवर, कापशीवर. पिंजलेल्या कापसाचा ढीग उठून चालायला लागला तर कसा दिसेल, तशी ती दिसते. फरशीच्या रिकाम्या खोक्यातून पिल्लू म्हणून आली आणि मालकीण होऊन बसली. गुळण्याचं आणि तिचं भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे राहायचे.

यंदा ऐन उन्हाळ्यात माझ्या भाचीचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं, बाळंतपण निघालं आणि भावजयीला तिच्याकडे जावं लागलं. जाताना तिने नवऱ्याला बजावलं. पाण्याची भांडी एका जागी नको, दोनतीन ठिकाणी ठेवा. दुपारी पडदे ओढा. बंद खोलीत कोंडू नका, पत्र्यावर चढू देऊ नका. मग पिशवी उचलून म्हणाली, "तिला काही झालं तर मी या घरात पाय ठेवायची नाही. माझी वाट बघू नका." हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. गुळण्याने मान हलवली.

रोज फोन व्हायचा. कशी आहे? "गार." एवढंच. भावजयीला तेवढं पुरायचं.

मग एका दुपारी वीज गेली. घरावर पत्रा, पंखा बंद, आणि कापशी तोंड उघडून कुत्र्यासारख्या धापा टाकायला लागली. गुळण्याने हत्यारांची पिशवी जमिनीवर उलटी केली, ओलं फडकं अंथरून तिला आत बसवलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावला. बाईंनी तिचे कान आणि पंजे ओल्या कापसाने पुसले, हळूहळू पाणी पाजलं. हा विचारतो, केस कापू का? त्या म्हणाल्या, अजिबात नको, ते केसच तिला उन्हापासून वाचवतात. बर्फाचं पाणीही अंगावर ओतू नका. पुन्हा अशी धाप लागली तर थांबू नका, लगेच घेऊन या. आणि निघताना म्हणाल्या, थंड फरशीवर ठेवा.

हे कोणाला सांगितलं, तर फरशीवाल्याला.

घरी येऊन त्याने कोब्यावर तळहात टेकला. तवा बरा. मग घरामागे पडलेले तुकडे एकेक आत आणले. हे पुढचं सगळं मला समोरच्या शिवणवालीने सांगितलं, ती मशीन सोडून खिडकीतच उभी होती. काळा दगड ठेवला, कापशी बसली आणि उठली. चकचकीत टाइल ठेवली, तिने वास घेऊन तोंड फिरवलं. शेवटी एक पांढरा संगमरवर ठेवला, त्यावर तिने अंग टाकलं. पण तुकडा नुसताच ठेवलेला, तो डुगडुगायचा. तिने कूस बदलली की टक् वाजायचं.

डुगडुगणारी फरशी गुळण्याला बघवते होय? त्याने पहार आणली आणि घर खणायला काढलं.

अर्धी खोली आधी, अर्धी नंतर. ओल्या सिमेंटला तिचा पाय लागू नये म्हणून कापशी सावलीत स्टुलावर. प्रत्येक तुकडा बसवला की हा पाणसळ ठेवायचा, बुडबुडा बघायचा, मग कापशीकडे बघायचा. तिने डोळे मिटले की पुढचा तुकडा. शिवणवाली म्हणते, जन्मात पहिल्यांदा त्याला न कुरकुरणारं गिऱ्हाईक मिळालं.

काम उरकलं. वाळलेल्या बाजूला कापशी आडवी झाली, चारी पाय चार दिशांना. गुळण्याला इतका आनंद झाला की त्याने आपणहून बायकोला फोन लावला. म्हणाला, "कापशी गार पडली." आणि फोन बंद पडला. वीज गेली ती अजून आलीच नव्हती, चार्जिंग कुठलं.

भावजयीने मला रडत फोन केला, वन्सं, गेली हो माझी कापशी. विहिणीवर बाळबाळंतीण सोपवून ती बसमध्ये बसली. मी आमच्या ह्यांना घेऊन निघाले. भाऊ एकटा, त्यात मुका. त्याला धीर कोण देणार?

दारातच गुळण्या म्हणाला, डावीकडून या, उजवीकडची ओली आहे. आत बघते तर पांढऱ्या संगमरवरावर कापशी आडवी. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून डोक्याशी फुलझाडाची कुंडी. बाजूला हा पुठ्ठ्याने वारा घालतोय. मी लांबूनच हात जोडले.

आमच्या ह्यांना अशा वेळी बोलायची फार हौस. घसा साफ करून म्हणाले, "चांगली होती बिचारी."

"आहेच," गुळण्या म्हणाला.

"हो, आपल्या मनात आहेच. फार त्रास झाला का तिला?"

"झाला. आता नाही."

"सुटली," म्हणत ह्यांनी डोळे पुसले. "मग, इथेच ठेवणार?"

"तिनेच जागा पसंत केली, दाजी."

"पण किती वेळ?"

"उन्हाळा संपेपर्यंत."

ह्यांनी हळूच रुमाल नाकाला लावला.

तेवढ्यात भावजय आली. पिशवी दारातच टाकली, कापशीजवळ बसली, पाठीवर हात ठेवला आणि हुंदका फुटला, "खरंच गार आहे हो." हुंदक्याने कापशी जागी झाली. एक डोळा उघडला, जांभई दिली आणि खाजवायला पोट वर केलं.

ह्यांनी रुमाल खिशात घातला आणि कुंडीकडे बघत बसले.

भावजयीने आधी मांजरीचे मुके घेतले. मग तिची नजर जमिनीवरून फिरत फिरत भिंतीपर्यंत गेली. स्वयंपाकघराच्या दारातला खड्डा नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "ही फरशी कोणासाठी?"

खोटं बोलायला चार शब्द जास्त लागतात. तो म्हणाला, "मांजरीसाठी."

ती उठली. पिशवी उचलली. म्हणाली, मांजर जिवंत आहे, तेव्हा अट मोडलेली नाही, पण मी चालले. मी जन्मभर मागत राहिले आणि हिने नुसतं पडून मिळवलं.

गुळण्या दारात आडवा आला. कपाळावर घाम. म्हणाला, "ती तोंड उघडून धापा टाकत होती. तू कधी टाकल्या नाहीस."

"जन्मभर टाकतेय," ती म्हणाली. "तुम्ही मान वर केलीत का कधी?"

त्याने मान वर केली. तिच्या तोंडाकडे नीट बघत राहिला, बुडबुडा थांबायची वाट बघावी तसा. मला तर कुठे बघावं कळेना. मग तिने चपला काढल्या. पाय टेकला, दुसराही टेकला. जरा उभी राहिली, मग बसली, मग कापशीशेजारी पाय पसरून सरळ आडवीच झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "स्वयंपाकघर अजून राहिलंय."

"उद्या," तो म्हणाला. बघू म्हणाला नाही.

एवढ्यात माझा फोन वाजला. भाची होती, आई पोचली का, कापशीचं कसं झालं, विचारत होती. गुळण्याने चक्क माझ्या हातातून फोन घेतला. आज त्याला वाचा फुटली होती. दोघींकडे डोळे भरून बघत लेकीला म्हणाला, "काळजी करू नकोस. दोघी गार पडल्यात."

पलीकडून जी किंकाळी आली, ती ऐकून कापशीसुद्धा उठून बसली.