उजळ करून दिलेला चेहरा

आधी माफी मागतो. आमच्या घरात शाळेच्या वहीपलीकडं कुणी काही लिहिलेलं नाही आणि कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यातून जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात त्रास दुसऱ्याला झाला, मला नाही. मग मी कशाला लिहावं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण ज्यानं लिहायला हवं तो कुठं आहे हे बरीच वर्षं माहीत नव्हतं, आणि चूक मात्र माझ्याकडंच राहून गेली होती.

पप्पांचा फोटो स्टुडिओ विद्यापीठाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एकच अरुंद गाळा. पुढं काउंटर आणि कॉम्प्युटर, मागं पडद्याआड एक स्टूल आणि छत्र्या लावलेले दोन दिवे. आई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जायची, म्हणून शाळा सुटली की मी दुकानात. आतल्या बाकावर मी अर्धा झोपेत असायचो. बाहेर ऊन, आत गार अंधार, आणि मधूनच फ्लॅश. मिटलेल्या डोळ्यांत हिरवे, जांभळे ठिपके तरंगत राहायचे आणि त्यांतून पप्पांचा आवाज यायचा, "हनुवटी वर. हलू नका." माणसं येत, स्टुलावर बसून एक श्वास रोखत आणि निघून जात. ती स्वप्नात आली होती की दुकानात, हे मला सगळ्यांच्या बाबतीत सांगता येणार नाही.

पप्पा प्रत्येकाचा फोटो उजळ करून देत. बायका बसायच्या आधीच सांगत, "दादा, जरा उजळ येऊ द्या." फुलंब्रीकडच्या खेड्यांतून स्थळांना द्यायच्या फोटोसाठी मुली यायच्या, त्यांच्यासोबतची मावशी किंवा काकू तेच सांगायची. जे सांगत नसत त्यांनाही पप्पा उजळ करत. कंगवा पुढं करावा, पावडरचा डबा द्यावा, तसंच तेही. त्याला ते "हात फिरवणं" म्हणत. माझ्याही शाळेच्या फोटोवर त्यांनी हात फिरवला होता. वर्गात मला डांबर म्हणायचे. ओळखपत्रावरचा मुलगा मात्र गव्हाळ होता. त्याच्याकडं बघून मला वाटायचं, मी हळूहळू असा होत जाणार असेन.

मी तिसरीत असताना एका शनिवारी तो आला. सुदान नावाच्या देशातला, इथं फार्मसी शिकणारा, बेगमपुऱ्यात खोली करून राहणारा. दारातून वाकून आत आला. दाराच्या पडद्यातून येणारा उजेड त्याच्या कपाळावर पडला आणि तिथं निळसर चमक उठली. रंग माझ्यापाशी संपतात असं तोवर मला वाटत होतं. शेवटचा मी, माझ्यापुढं कुणी नाही. हे लिहायला लाज वाटते, पण त्याला पाहून मला आनंद झाला.

"क्या सेठ," म्हणत त्यानं माझ्यापुढं हात केला. मी हात मिळवला. त्याचा तळहात आतून माझ्यासारखाच फिका होता. हात सोडल्यावर मी माझा तळवा उलटा करून पाहिला, काही लागलंय का. त्यानं ते पाहिलं.

"नहीं निकलता," तो म्हणाला. "पक्का है."

पप्पा हसले, तोही हसला. मी पण हसलो, कशाला ते कळलं नव्हतं.

मग त्यानं पप्पांना काम सांगितलं. त्याचं हिंदी आमच्या गल्लीतल्या पोरांसारखंच झालं होतं. "काका, इधर रहने की मुद्दत बढ़ानी है. सोमवार आखिरी दिन है. फोटो के बगैर फारम नक्को बोलते. फारम नहीं लिया तो इम्तिहान में बैठने नहीं देते, घर को भेज देते."

पप्पांनी फोटो काढला, अर्ध्या तासानं यायला सांगितलं. तो समोर चहाला गेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याचा चेहरा मोठा झाला. पप्पांनी नेहमीसारखा हात फिरवला आणि थांबले. मी त्यांच्या खांद्याला टेकून उभा होतो.

"पप्पा, अजून."

"बास की."

"अजून थोडं. त्याला लई बरं वाटंल."

पप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मला शाळेत काय म्हणतात ते त्यांना माहीत होतं. त्यांनी अजून थोडं केलं, मग आणखी थोडं. चेहऱ्यावर राख फासल्यासारखा एक रंग आला. नाक सपाट दिसू लागलं, डोळे दुसऱ्याच कुणाचे. मला तो फोटो फार सुंदर वाटला. चहा घेऊन तो परत आला तेव्हा घाईत होता, फोटोंचं पाकीट न उघडताच खिशात टाकून गेला.

सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास तो परत आला. अर्ज हातातच होता. त्यानं फोटो काउंटरवर ठेवला.

"काका, ये कौन है?"

"तूच है ना. थोडा साफ किया."

"मैं मैला था क्या?"

आवाज चढवून नाही, खरंच विचारल्यासारखं. पप्पांचा हात माऊसवर तसाच राहिला. मी काउंटरच्या काचेखाली लावलेल्या नमुन्याच्या फोटोंकडं बघू लागलो. नवरी, पोलीस भरतीची पोरं, एक म्हातारे गुरुजी, मी. सगळ्यांचा रंग एकच होता, आणि त्या रंगाचा माणूस मी रस्त्यावर कधी पाहिला नव्हता.

परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसातल्या माणसानं फोटोकडं आणि याच्याकडं दोनदा बघून अर्ज परत केला होता. पाचपर्यंत दुसरा आणला तर घेऊ, म्हणाला होता.

"चल, बैठ," पप्पा म्हणाले.

हात फिरवायचा नाही एवढंच करायचं, असं त्यांना वाटलं असावं. पण पहिला फोटो आला तो नुसता काळा आकार, मागं पांढरी भिंत. त्यांचे दिवे वर्षानुवर्षं गव्हाळ चेहऱ्यांसाठी लावलेले. दुसरा आला त्यात कपाळ चमकलं आणि बाकी सगळं बुडालं. पप्पांना घाम फुटला होता. शेवटी त्यांनी दोन्ही दिवे बंद केले, स्टूल उचलून दारापाशी आणलं आणि दाराचा पडदा पूर्ण बाजूला ओढला. दुपारचा उजेड त्याच्या गालावर हळूच येऊन बसला. पप्पा "हलू नका" म्हणायला विसरले. तो हललाही नाही.

"हाँ," फोटो बघून तो म्हणाला. "ये मैं हूँ."

चार वाजून गेले होते. पप्पांनी त्याला गाडीवर मागं बसवलं आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांना माझ्याकडं बघायला सांगून गेले. एकटे परत आले.

"अर्ज घेतला का?"

"आत गेला. मला गेटावरच थांबवलं. तो म्हणला, तुम्ही जावा काका."

"मग घेतला का?"

"नाय माहीत. यील की सांगाया."

तो आला नाही. त्या आठवड्यात नाही, परीक्षा झाल्यावर नाही, पुढच्या वर्षीही नाही. पप्पांनी एकदा त्याच्या खोलीवर जाऊन पाहिलं, तिथं दुसरी पोरं राहत होती. त्याला घरी पाठवलं, असं आम्ही दोघांनी आपापल्या मनात धरून टाकलं. बोललो कधीच नाही. 'अजून' मी म्हटलं होतं, हेही पप्पांनी कधी काढलं नाही.

पप्पा गिऱ्हाइकाला विचारू लागले, "उजळ करू, का हाय तसा देऊ?" लोकांना ते चमत्कारिक वाटायचं. "हे काय इचारणं झालं दादा?" म्हणत काहीजण पुढच्या दुकानात गेले. मला मात्र कित्येकदा तो झोपेत दिसायचा, दारापाशी उजेडात बसलेला, आणि मी काही सांगायला जवळ जायचो तेव्हा पडदा मध्ये यायचा.

आता मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॅन्टीनमध्ये त्याच्या देशातला एक विद्यार्थी येतो. त्याला विचारायला मला चार महिने लागले. काय विचारायचं? आमच्यामुळं तुमच्या एका माणसाचं शिक्षण बुडालं का? शेवटी एवढंच सांगितलं की पप्पांच्या ओळखीचे एकजण होते, त्यांचं काय झालं ते कळलं तर बरं. पूर्ण नाव पप्पांना पाठ होतं, ते दिलं. "जुन्या लोकांच्या ग्रुपवर विचारतो," तो हिंदीत म्हणाला.

तीन आठवड्यांनी, मी दुकानात पप्पांशेजारी बसलेलो असताना, मोबाईलवर त्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. मी मोठ्यानं वाचला. अर्ज त्याच दिवशी घेतला गेला होता. परीक्षा दिली, पास झाला, आता त्याच्या गावी त्याचं औषधाचं दुकान आहे.

पप्पांनी चष्मा काढून ठेवला. "घेतला व्हता म्हंजी," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "घेतला व्हता." मग समोरच्या पोराला हात करून दोन चहा सांगितले.

चहा यायच्या आत दुसरा मेसेज आला. पदवीनंतर पुढचं शिक्षणही त्यानं इथंच केलं होतं. त्या सोमवारनंतर चार वर्षं तो या शहरातच राहिला, आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडं.