लातूरहून लोह्याला, नांदेडमार्गे

आई जाऊन सात महिने झाले. भेटायला येणारी माणसं अजून येतात आणि चहाचा कप हातात घेऊन एकच गोष्ट सांगतात, की बाई कधी खोटं बोलली नाही. मी मान हलवते आणि बिस्किटांची ताटली पुढे सरकवते. आईनं सलग एक वर्ष अख्ख्या गल्लीशी खोटं बोलून मला डॉक्टर केलं, हे आता लिहून ठेवायला हरकत नाही.

बारावीनंतरच्या पहिल्या नीटमध्ये मला फिजिक्सनं आपटलं. दुसऱ्या वर्षी लातूरला क्लास लावून रिपीट केलं, तर सरकारी कॉलेजला एकोणीस मार्क कमी पडले. पण मार्कांपेक्षा गल्लीचा त्रास मोठा होता. लातूरच्या क्लासला दर रविवारी टेस्ट असते, हे लोह्यात सगळ्यांना ठाऊक. मी सुट्टीला आले की पिशवी खाली ठेवायच्या आधी कुणीतरी विचारायचं, "किती पडले ह्या बारीला?" मी आकडा सांगायचे, समोरचा माणूस मनातल्या मनात वजाबाकी करायचा आणि मला जेवण जायचं नाही. आई हे बघत होती.

तिसऱ्यांदा बसायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "ह्या वर्षी तू नांदेडला बी.एस्सी. करून राह्यलीस."

"म्हणजे लातूर नाही?"

"लातूरच. लोकांसाठी नांदेड. बी.एस्सी.वालीला कुणी मार्क इचारीत न्हाई."

हे खरंच होतं. बी.एस्सी.ला किती पडले, असं आमच्या गल्लीत कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

वडिलांना कटात घेणं भाग होतं, पण खोटं बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे. म्हणून त्यांना एकच काम दिलं. माझा विषय निघाला की दूध आणायला जायचं. त्या वर्षी आमच्या घरात खीर फार झाली.

खरी अडचण रस्त्याची होती. लातूरची बस लोह्यात अहमदपूरकडून येते, नांदेडची उलट्या बाजूनं. मला लातूरच्या बसमधून उतरताना कुणी पाहिलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. म्हणून आईचा नियम असा, की लोह्यात उतरायचंच नाही. तोंडाला ओढणी गुंडाळायची, खिडकीतून आपल्या गल्लीचं टोक दिसलं तरी बसून राहायचं, थेट नांदेड गाठायचं, पुरावा म्हणून तिथली डझनभर केळी घ्यायची आणि नांदेडच्या गाडीनं परत यायचं. भुकेल्या पोटी स्वतःचं घर मागे पडताना बघणं सोपं नव्हतं. मी तेवढ्या वेळात प्राण्यांचं वर्गीकरण पाठ करायचे. वाटेतलं सोनखेड येईपर्यंत आर्थ्रोपोडापर्यंत पोचलेली असायचे.

दिवाळीच्या आधी अशीच निघाले होते. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, म्हणून पाणी घ्यायला उतरले. बाकावर आमच्या शेजारच्या काकू बसल्या होत्या. गुडघ्याच्या औषधाला दर पंधरा दिवसांनी अहमदपूरला जाते, असं त्या गल्लीत सांगायच्या. त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा डब्यातले धपाटे खात होता. गल्लीच्या माहितीप्रमाणे तो हैदराबादला इंजिनिअरिंगला होता. त्याच्या मांडीवर बायोलॉजीचं जाडजूड पुस्तक होतं, त्यावर आमच्याच क्लासचं कव्हर.

काकूंनी माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं. तिच्यावरही तेच छापलेलं होतं. मागे उभ्या गाडीच्या पाटीकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे पाहिलं.

"नांदेडहून आलीस?" काकू म्हणाल्या.

"हाव काकू."

"नांदेडला गारठा असंल."

"हाय थोडा. हैदराबादला?"

"तिथं बी हाय म्हणतो हा."

मुलानं मान वर केली नाही. काकूंनी डब्यातला एक धपाटा माझ्या हातावर ठेवला आणि मी गाडीत जाऊन बसले.

घरी सांगितलं तेव्हा आई तोंडात पदर कोंबून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "कुणाला बोलू नको. बापाला बी न्हाई. त्यायचे कान हायत."

त्यानंतर या दोन बायका एकमेकींचं खोटं सांभाळू लागल्या. नळावर कुणी माझ्याबद्दल शंका काढली की काकू म्हणायच्या, "म्या सोत्ता पाह्यलंय तिला नांदेडला, कालेजाच्या गेटावर." आई चारचौघींत विचारायची, "हैदराबादचं जेवण मानवलं का पोराला?" आपसात मात्र दोघी या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत.

निकाल लागला. मला पुरेसे मार्क होते. आईनं मोबाइलवरचा आकडा दोनदा माझ्याकडून वाचून घेतला. मग भिंतीला कान लावल्यासारखी उभी राहिली. शेजारी टीव्ही लागला नव्हता. संध्याकाळी कुकरची शिट्टीही झाली नाही. त्या घरातही आज निकाल होता, हे गल्लीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. आईनं वडिलांना पेढे आणू दिले नाहीत.

ॲडमिशनची यादी लागल्यावर लपवणं शक्य नव्हतं. मला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला जायचं होतं. आईनं बायकांना ओट्यावर बोलावून सरळ सांगून टाकलं. सगळ्यात जास्त काकूच ओरडल्या.

"वर्षभर आमच्या तोंडावर खोटं बोललीस वैनी? अन् म्या येडी, गेटावर पाह्यलं म्हनून सांगत फिरले. दुसऱ्याचीच कुनाची पोरगी असंल ती."

"चुकलं माझं," आई खाली मान घालून म्हणाली. वडील दूध आणायला गेले.

आई आत आली तेव्हा मी भांडं आपटलं. "तू का ऐकून घेतीस?"

"वरडू दे," आई म्हणाली. "तिला अजून एक वर्ष काढायचंय. तुझ्या वह्या कुठं हायत?"

संध्याकाळी नळावर तिनं घरात रद्दी फार झाल्याचं चारचौघींत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात उभ्या राहिल्या. "रद्दी हाय म्हणं तुमच्याकडं. फडताळात घालाया पायजे होती."

आईनं माझ्या नोट्सचे चार गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेच होते. काकूंनी वरच्या गठ्ठ्यातलं एक पान उचकून पाहिलं, त्यावरची हृदयाची आकृती जरा वेळ बघितली आणि पान नीट आत सारलं.

"कागद बरा हाय," गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, आणि गठ्ठे छातीशी धरून घरात गेल्या.